साफसफाईत नापास

अन्याय माझ्या मावशीवर झाला. शनिवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, अबू धाबीबाहेरच्या एका नेमबाजी क्लबच्या हॉलमध्ये, टेबल क्रमांक तीनवर. बत्तीस वर्षं संसार केलेल्या, कुकरच्या शिट्टीच्या आतलं भोकसुद्धा काडीने कोरून काढणाऱ्या बाईला साफसफाई या विषयात नापास करण्यात आलं. तेही लेखी. खाली सही होती, सहीवर शिक्का होता.

हे मी तेव्हा खपवून घेतलं नाही आणि आजही घेत नाही. फक्त तेव्हा दोषी कोण याबद्दल माझी पक्की खात्री होती.

आधी माझ्याबद्दल, थोडक्यात. पुण्याला कॉलेजात चार वर्षं मी पत्रकं लिहिली. वसतिगृहाचं पाणी, फीवाढ, कँटीनच्या पोह्यांतले खडे. पत्रकाचे नियम माझ्या अंगात भिनलेत: पहिल्या ओळीत अन्याय कुणावर आणि कधी, मधे पुरावा, शेवटी मागणी. मग नोकरी लागली ती जबल अलीच्या एका गोदामाच्या ऑफिसात. तिथे मी दिवसभर इतरांच्या रजेचे अर्ज सिस्टीममध्ये भरते. राहते डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, एका खोलीत तिघी. शुक्रवारी संध्याकाळी बस पकडून खलिफा सिटीला मावशीकडे जाते, कारण तिथे वरण-भात मिळतो आणि भांडायला माणसं मिळतात.

तर इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या महिला विभागाने चिवडा-कार्यशाळा आणि रांगोळी झाल्यावर काहीतरी नवीन हवं म्हणून नेमबाजीचा सहा शनिवारांचा कोर्स ठरवला. आठ जणी लागत होत्या. सातवी मावशी झाली, आठवी मी, कारण मावशीला काकांची गाडी चालवता येत नाही आणि मला येते. चार शनिवार नेम, पाचवा शनिवार रायफल साफ करण्याचा धडा, सहावा परीक्षा. नेम आणि सफाई, दोन्हीत पास झालात की क्लबचं कार्ड. मग तुम्ही शनिवारी एकट्या येऊ शकता, सोबत शिक्षक लागत नाही. रायफल क्लबच्याच कपाटात कुलपात राहते, घरी कुणीच नेत नाही.

हे कार्ड मावशीला हवं होतं. का, ते तिने एकदाच सांगितलं, तेही चिंच कोळता कोळता. या देशात तिचं जे काही कागदोपत्री आहे ते काकांमुळे आहे. व्हिसा काकांच्या नोकरीवर, घराचा करार काकांच्या नावावर, फोनचं कनेक्शन काकांच्या आयडीवर. शाळेत ती अमुकची मम्मी, मंडळात तमुकांची मिसेस. "एक तरी प्लॅस्टिक असू दे," ती म्हणाली, "जे मी काही केलं म्हणून मिळालंय."

आणि नेमात ती आमच्यात सगळ्यात पुढे होती. कसं काय, विचारलं तर म्हणाली, सुईत दोरा ओवताना श्वास धरतो ना, तेवढंच आहे. मी पत्रकं लिहिणारी, माझा श्वास कधी धरलाच जात नाही. माझ्या गोळ्या शेजारणीच्या कागदावर लागायच्या.

आमचे शिक्षक पेशावरकडचे, निवृत्त फौजी, पांढरी मिशी, आवाज इतका हळू की आठही बायकांना गप्प बसावं लागायचं. त्यांना सगळ्या उस्ताद म्हणायच्या. ते सगळ्यांना बाजी म्हणायचे, मलाही.

पाचव्या शनिवारी त्यांनी टेबलावर रायफल ठेवली. पॉइंट टू-टू, सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामं काडतूस आपोआप बाहेर उडतं आणि पुढची गोळी आपोआप आत बसते. "ये मशीन आपका आधा काम खुद करती है," उस्ताद म्हणाले, "इसलिए आपको दुगना शक करना है." मॅगझीन काढा. बोल्ट, म्हणजे गोळीमागचा सरकता लोखंडी ठोकळा, मागे ओढा. चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीत, बघा. बोट घालून बघा. मग पुन्हा बघा. नळी भिंतीकडे. टेबलावर एकही गोळी नाही, पर्समध्येही नाही.

मावशीने बघितलं, बोट घातलं, बघितलं, रायफल खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि चौथ्यांदा बघितलं.

"बाजी, इतना शक किस पर?"

"भाईसाब, मैं घर से निकलते टाइम गॅस का बटन भी चार बार देखती हूँ. पार्किंग से वापस जाके."

"ये डर अच्छा है," उस्ताद म्हणाले. "इसे संभाल के रखिए."

मावशी त्या दिवशी इतकी खूश होती की घरी जाताना गाडीत तिने हे वाक्य काकांना फोनवर दोनदा ऐकवलं. काका म्हणाले, बरं, पण लसूण सोलून ठेवायचा होता का नव्हता.

त्या दिवशी बाकी जे झालं तेही सांगते. बोल्ट बाहेर काढताना मागची स्प्रिंग अंगठ्याने दाबून धरायची असते. मी धरली नाही. स्प्रिंग उडाली ती दिसेनाशीच झाली. आठ बायका आणि एक निवृत्त फौजी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते. अखेर ती आमच्यातल्याच वसईच्या आंटींच्या चकलीच्या डब्यात सापडली. आंटी एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगच्या प्रमुख आहेत. त्यांनी स्प्रिंग काढली, झटकली आणि म्हणाल्या, "बाय, हिला वाटलं आपलीच जात."

मग खरी सफाई. बारीक दोरीला कापडाची चिंदी लावायची आणि ती चेंबरच्या बाजूने घालून नळीच्या तोंडाकडून बाहेर ओढायची. नेहमी मागून पुढे. उलट नाही, कारण मळ जिथून निघाला तिथे तो परत न्यायचा नसतो. बोल्टच्या तोंडावर जळलेल्या दारूची काजळी बसते, ती जुन्या टूथब्रशने. रिकामं काडतूस ओढून काढणारा बारीक आकडा असतो, त्याच्याखाली लाकडी काडीने. आणि शेवटी तेल. एक थेंब, तोही पुसून घ्यायचा.

मावशीने फोडणीला घालतात तितकं घातलं.

उस्तादांनी हॉलचं दार उघडून बाहेरचं वाळवंट दाखवलं. "बाजी, यहाँ तेल रेत की दावत है. रेत आएगी, बैठेगी, और घर बना लेगी. तेल दिख रहा है तो ज़्यादा है. सिर्फ़ बू आए तो काफ़ी है." मावशीने मान डोलावली. नंतर मला कुजबुजून म्हणाली, यांच्या घरी भाजी कशी लागत असेल गं.

पण तिने ते मनावर घेतलं. तेल जास्त घालते म्हणून बोलणी खाल्ली ना, मग परीक्षेत तेलाचं नावच नको, सगळा जोर सफाईवर. आठवडाभर ती मनातल्या मनात ती रायफल घासत होती. तिला एकच गोष्ट खटकत होती. बोल्टवरचं लोखंडी झाकण काळं होतं. बाकीच्यांना ते दिसलं नाही. तिला दिसलं.

सहाव्या शनिवारी आम्ही आठ टेबलांवर आठ रायफली घेऊन बसलो. वेळ अर्धा तास. उस्ताद एकेकीपाशी थांबून कागदावर खुणा करत होते. मावशीचं टेबल तिसरं, माझं चौथं. विसाव्या मिनिटाला मला ओळखीचा वास आला. आमटीचा. वळून बघते तर मावशीने पर्समधून झाकणाचा छोटा डबा काढला होता. डब्यात कोळलेली चिंच, वर मीठ. एका फाटक्या सुती पदराच्या तुकड्याने ती रायफलचं ते काळं झाकण घासत होती, गोल गोल, मन लावून, तांब्या घासतात तशी. चिंच इथल्या दुकानातली, सहा दिरहॅमचं पाकीट, म्हणजे जवळजवळ दीडशे रुपये, आणि तिने त्यातली निम्मी त्या झाकणावर खर्च केली होती.

मी काही बोलले नाही. हा माझा कबुलीजबाब आहे. मला वाटलं, हिला माहीत असेल. साफसफाईच्या बाबतीत मावशीला काही माहीत नसेल ही शक्यताच आमच्या घराण्यात कुणी धरलेली नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी उस्ताद टेबल तीनवर आले. झाकणाचा मधला भाग देवघरातल्या ताम्हनासारखा लखलखत होता. कडेने तांबूस डाग. मावशी सरळ बसली होती, शाबासकीची वाट बघत.

उस्तादांनी झाकणावरून अंगठा फिरवला. मग इतक्या हळू बोलले की मला खुर्ची सरकवावी लागली.

"बाजी, ये आपने क्या किया?"

"काला निकल नहीं रहा था," मावशी म्हणाली. "बहुत पुराना मैल था."

"वो मैल नहीं था. वो रंग था. लोहे को ज़ंग से बचाने का रंग. कारख़ाने में चढ़ाते हैं."

"काला रंग?"

"बंदूक काली होती है, बाजी."

मावशीने आपल्या हाताकडे बघितलं, मग झाकणाकडे. कागदावर दहा ओळी होत्या. नऊवर बरोबरची खूण. दहावी ओळ होती, कुठल्याही भागाला इजा नाही, आणि तिच्यापुढे फुली. एक फुली म्हणजे नापास. बाकी सात जणी पास झाल्या. मीही पास झाले. माझ्या रायफलमध्ये अर्धी काजळी तशीच होती, पण मी कशालाच इजा केली नव्हती, कारण मी जवळजवळ काही केलंच नव्हतं.

हा पुरावा. यावर कुणाचं रक्त उसळणार नाही?

माझं उसळलं. बाहेर पडताना रिसेप्शनवर अभिप्रायाचा टॅब होता, त्यावर तीन तोंडं: हसरं, मधलं, रडवेलं. मी रडवेलं तोंड अकरा वेळा दाबलं. दोन दिवसांनी क्लबमधून एका मुलीचा अतिशय गोड फोन आला. मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये दिसतंय की शनिवारी चार वीसला अकरा लोक दुःखी झाले, तुम्हाला त्यांच्याबद्दल काही माहिती आहे का. मी म्हटलं, अकराही मीच. ती म्हणाली, ओके मॅडम, मग मी एकच लिहिते.

घरी मावशीने कुणाला काही सांगितलं नाही. तो कागद पासपोर्टांच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि ओटा पुसायला घेतला. पुसला, मग पुन्हा पुसला. सांगितलं मीच. काका म्हणाले, "अगं, जाऊ दे ना. कार्ड घेऊन करायचंय काय? तुला काय सीमेवर जायचंय?"

"तुम्हाला तरी तुमच्या क्रेडिट कार्डांचं काय करायचं असतं?" मावशी म्हणाली.

माझी मावसबहीण, वय सोळा, फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "मॉम, लिटरली एव्हरीवन नोज गन्स आर ब्लॅक."

"मग परीक्षेच्या आधी बोलायला काय झालं होतं तुला?"

"यू नेव्हर आस्क्ड."

मी काकांचा लॅपटॉप ओढला आणि पत्रक लिहायला बसले. शीर्षक ठळक अक्षरात: साफसफाईत नापास? क्लबला पाच सवाल. काका मागे येऊन उभे राहिले. "हे बघ, इथे पत्रकं वाटायची नसतात. परवानगी लागते. तू जबल अलीत नोकरी करतेस, पोह्यांच्या खड्यांचा मोर्चा नाही काढत." मी म्हटलं, वाटणार नाही, एकच प्रत काढते. काका म्हणाले, एक प्रत म्हणजे मग पत्र झालं. मी म्हटलं, वाचणाऱ्याने उभ्याने वाचलं तर पत्रकच.

पुढच्या शनिवारी मावशीला गाडीत घालून मी क्लबवर गेले. ती येत नव्हती. मी सांगितलं, तुझा चिंचेचा डबा तिथेच राहिलाय. तेवढ्यावर आली.

उस्ताद हॉलमध्ये एकटेच होते. समोर तीच रायफल, झाकणावर तोच तांबूस डाग. ते कसलंसं काळं मलम कापडावर घेऊन हळूहळू चोळत होते. डाग झाकला जात होता, पण पूर्वीसारखा रंग येत नव्हता. कपाळाच्या जखमेची खूण राहते तसं दिसत होतं. मावशीने ते पाहिलं आणि तिचा चेहरा पार उतरला.

मी पत्रक पुढे केलं. त्यांना देवनागरी येत नव्हती. म्हणून मी उभ्याने, मोठ्याने, हिंदीत भाषांतर करत वाचून दाखवलं. सवाल एक: नऊ गुणांना काहीच किंमत नाही का? सवाल दोन: ज्यांनी काहीच साफ केलं नाही ते पास आणि जिने सगळं साफ केलं ती नापास, हा कुठला न्याय? सवाल तीन आणि चार मी रागात लिहिले होते, ते इथे देत नाही. सवाल पाच: "जी बाई बत्तीस वर्षं घासते आहे, तिला 'आता थांब' असं तुमच्या धड्यात तरी कुणी शिकवलं का?"

मावशी मला मागून ओढणीला धरून खेचत होती. "पुरे गं बाई. माणूस वयाने मोठा आहे."

उस्तादांनी कागद हातात घेतला. उलटसुलट करून बघितला.

"पाँचवाँ सवाल फिर से पढ़िए."

मी वाचला.

त्यांनी बोटांवरचं काळं मलम पुसलं. मग म्हणाले, "नहीं सिखाया. मैंने बताया क्या साफ़ करना है. ये नहीं बताया कि क्या छोड़ना है. फ़ौज में लड़के आते हैं, उनसे साफ़ करवाना पड़ता है. छोड़ना किसी को सिखाना नहीं पड़ा." मग मावशीकडे वळून, "बाजी, ग़लती आधी मेरी है. आधी आपकी. इम्तिहान दोबारा होगा, दो हफ़्ते बाद."

मी तोंड उघडलं, कारण अर्धी चूक तिची हे मला मान्य नव्हतं. मावशी माझ्याआधी बोलली. "मंज़ूर है," ती म्हणाली, आणि पुढे मराठीत मला, "तू एक शब्द बोलू नकोस."

उस्तादांनी माझं पत्रक टेबलावर पसरलं, मजकूर वर ठेवून, आणि त्यावर बोल्ट सुटा करून मांडला, खाली तेल सांडू नये म्हणून. आजवरच्या माझ्या कुठल्याही पत्रकाचा इतका थेट उपयोग झालेला नाही. मग त्यांनी बोटाने एकेक भाग दाखवला. हे चमकतं, ते चमकू दे. हे काळं, ते काळं राहू दे. इथे काजळी चिकटली आहे ती तीन वेळा पुसून निघाली नाही तर सोडून दे, तिने काही अडत नाही. मावशीने वहीत लिहून घेतलं. सोडण्याच्या गोष्टींची यादी करण्याची तिची ती पहिलीच वेळ असावी.

आणि त्यांनी गृहपाठ दिला. "घर में कोई काली चीज़ है?" तवा आहे, मावशी म्हणाली. "उसका नीचे वाला हिस्सा दो हफ़्ते नहीं घिसना."

ते दोन आठवडे मावशीच्या घराने कसेबसे काढले. मावशी पोळ्या करायची, तवा धुवायची, वरची बाजू, आणि उलटा करून ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहायची. एकदा मी तिचा हात घासणीपर्यंत गेलेला पाहिला. माझी मावसबहीण मैत्रिणींना सांगत होती, "मॉम इज इन रिहॅब." काकांनी नकळत चूक केली. मदत करावी म्हणून एका सकाळी त्यांनी तवा दोन्ही बाजूंनी लख्ख घासून ठेवला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. मावशी त्यांच्यावर जे बरसली ते ऐकून काका गॅलरीत जाऊन बसले. "काम केलं तरी बोलणी," ते मला म्हणाले, "हा काय न्याय आहे?" मी म्हटलं, सवाल दोन बघा.

फेरपरीक्षेला मी आणि वसईच्या आंटी भिंतीशी खुर्च्या टाकून बसलो. मॅगझीन, बोल्ट, बघणं, बोट, बघणं, बघणं. चिंदी मागून पुढे. टूथब्रश. काडी. एक थेंब तेल, पुसलं, वास घेतला. चौदा मिनिटांत सगळं झालं. उरली सोळा. नियम असा की वेळ संपेपर्यंत टेबलावरून उठायचं नाही.

ती सोळा मिनिटं मी विसरणार नाही. बोल्टच्या कडेला काजळीचा एक तीळभर ठिपका राहिला होता. मला माझ्या खुर्चीवरून दिसत होता, म्हणजे तिला किती दिसत असेल. तिने हात मांडीवर ठेवले. मग मांडीखाली घेतले. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. आंटी पुटपुटल्या, "सोड, बाय, सोड. मी हॉटेलात पोरींना हेच सांगते. गिऱ्हाइकाला खोली पाहिजे, आरसा नको." मावशीला ते ऐकू आलं असावं. तिने डोळे मिटून घेतले आणि नेम धरताना धरते तसा श्वास धरला. सोळा मिनिटं काही तो धरता येत नाही, म्हणून मधून मधून सोडत होती.

उस्ताद आले. ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ये?"

"दिखा," मावशी म्हणाली. "छोड़ दिया."

दहावी ओळ, बरोबरची खूण.

कार्ड चार दिवसांनी आलं. फोटो वाईट आहे, नाव तिचं आहे, आणि दुसरं कुणाचंही नाही. काकांनी ते हातात घेऊन पाठपोट बघितलं आणि म्हणाले, "हं." त्यांच्याकडून एवढं पुष्कळ झालं.

आता मुद्द्यावर येते. उस्तादांनी पुढच्या नवशिक्या बॅचचा पाचवा शनिवार मावशीकडे सोपवला आहे. रायफल कशी उघडायची ते तेच शिकवतील. काय सोडायचं ते मावशी शिकवेल, मराठीत, लागलं तर हिंदीत. पण बॅच आठ जणींची असते आणि आजच्या तारखेला नावं सात आहेत. आठवं आलं नाही तर बॅच रद्द. मग मावशी पुन्हा मंडळाच्या ग्रुपवर दिवाळीआधी जाळीजळमटं काढण्याच्या टिपा देत बसेल. तिला तशी विचारणा ऑलरेडी झाली आहे, आणि विचारणाऱ्यांची नावं माझ्याजवळ आहेत.

तुम्ही खलिफा सिटीत असाल, दुबईत असाल, शारजात असाल. 'मला कसं जमेल', 'शनिवारी ह्यांना सुट्टी असते', 'मुलांचं ट्यूशन आहे' ही तिन्ही उत्तरं मी ऐकून घेणार नाही. मंडळाच्या ग्रुपवर महिला विभागाचा फॉर्म आहे. तो आत्ता उघडा आणि आठव्या ओळीत स्वतःचं नाव लिहा.